आकड्यांतून उमटलेले सूर

बासरीवर, पेटीवर आणि गळ्यातून एकच 'सा' काढला, तर तो कशातून निघाला हे तुम्ही डोळे मिटूनही अचूक सांगाल. तिन्हींची पट्टी एकच, जोरही सारखाच; मग कानाला फरक कळतो तो कशावरून? पाठ्यपुस्तकात याचे उत्तर तुम्ही वाचले असेल. तारता आणि तीव्रता यांशिवाय स्वराला आणखी एक गुणधर्म असतो. त्याला स्वराची 'जाती' म्हणतात.

आता दुसरा प्रश्न. ज्या स्वराची जाती कोणत्याच वाद्याची नाही, असा स्वर निर्माण करता येईल काय? आणि आला, तर त्याला संगीत म्हणावे काय? १९५५ ते १९९० या काळात या प्रश्नाचा पाठपुरावा ज्या देशांत झाला, त्यांत जपान फार पुढे होता. तिथे तयार झालेल्या पुष्कळशा ध्वनिमुद्रिका त्या काळी थोड्यांनीच ऐकल्या आणि मग तीस-तीस वर्षे त्या विस्मरणात गेल्या. आज जगभर लोक त्या हुडकून ऐकत आहेत. हे स्वर कसे बनले आणि ते हरवून पुन्हा सापडले कसे, ते या लेखात पाहू.

शुद्ध स्वर आणि त्याचे सोबती

पेटीचा 'सा' २४० हर्ट्झचा आहे असे धरा. म्हणजे हवेची सेकंदाला २४० कंपने होतात. पण पेटीतून निघतो तो एकटा २४० हर्ट्झचा स्वर नव्हे. त्याच्याबरोबर ४८०, ७२०, ९६० अशा त्याच्या पटीतील कंपनसंख्यांचे मंद स्वरही उमटत असतात. यांना आपण उपस्वर म्हणू. कोणता उपस्वर किती जोरकस आहे, यावर स्वराची जाती ठरते. उपस्वर अजिबात नसलेला स्वर म्हणजे शुद्ध स्वर. त्याचा आलेख काढला तर साइन वक्र मिळतो. असा स्वर वाद्यांतून सहसा मिळत नाही. कंपकाट्याचा स्वर त्याच्या जवळपास जातो. विद्युत्‌मंडलातून मात्र तो हवा तेवढा वेळ मिळवता येतो.

टोकियो येथे एनएचके या जपानच्या सार्वजनिक नभोवाणी संस्थेने १९५५ साली इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. तोशिरो मायुझुमी या तरुण संगीतकाराने तेथे त्याच वर्षी केवळ शुद्ध स्वरांची एक रचना केली. स्वरांच्या कंपनसंख्यांची गुणोत्तरे त्याने मूळ संख्यांवरून घेतली. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणीही भागत नाही ती मूळ संख्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे: २, ३, ५, ७, ११, १३...

यात विशेष काय? थोडे गणित करू. २:३ हे गुणोत्तर म्हणजे आपले सा आणि प. दोन्ही संख्या मूळ आहेत, पण लहान आहेत, म्हणून कानाला गोड लागतात. आता ११:१३ घ्या. १३ ला ११ ने भागले की १.१८ येतात. शुद्ध रिषभ 'सा'च्या १.१२५ पट आणि कोमल गंधार १.२ पट असतो. म्हणजे हा स्वर या दोहोंच्या मध्ये पडतो. पेटीवर त्याच्यासाठी पट्टीच नाही! मूळ संख्यांच्या मागे जात राहिले की असे कितीतरी 'पट्टी नसलेले' स्वर भेटतात.

हे काम किती कष्टाचे होते याचीही कल्पना करा. त्या काळी स्टुडिओतील चुंबकीय फीत सेकंदाला सुमारे ३८ सेंटिमीटर वेगाने धावे. पाव सेकंदाचा स्वर हवा असेल तर साडेनऊ सेंटिमीटरचा तुकडा मोजून कापावयाचा आणि पुढच्या तुकड्याला चिकटवावयाचा. हातात कात्री आणि मोजपट्टी घेऊन रचलेले हे संगीत होते.

व्होल्टला आला सूर

पुढची पायरी अमेरिकेत घडली. १९६४ साली रॉबर्ट मूग यांनी सिंथेसायझर बनवला. त्यातील मुख्य कल्पना सोपी होती. आंदोलक नावाचे मंडल विद्युत्‌दाबाप्रमाणे आपली कंपनसंख्या बदलते. दाब १ व्होल्टने वाढवला की स्वर एक सप्तक वर जातो. १ व्होल्टला १२० हर्ट्झ मिळत असतील, तर २ व्होल्टला २४०, ३ व्होल्टला ४८० आणि ४ व्होल्टला ९६० मिळतील. इकडे बेरीज होते आणि तिकडे गुणाकार होतो. लॉगॅरिथम शिकलेल्यांना ही युक्ती चटकन ओळखू येईल. सप्तकाचे बारा समान भाग करायचे तर १ व्होल्टचे बारा भाग करावे; म्हणजे दर पट्टीला सुमारे ०.०८३ व्होल्ट. सगळे गाणे दोन पट्ट्या वर न्यायचे असेल तर दाबात ०.१६७ व्होल्टची भर घातली की झाले.

आंदोलकातून निघणारा तरंग करवतीच्या दात्यांसारखा ठेवला तर त्यात सर्व उपस्वर असतात. चौकोनी ठेवला तर फक्त १, ३, ५ अशा विषम पटीतले असतात. पुढे एक 'गाळणी' असते. ती ठराविक मर्यादेच्या वरचे उपस्वर कमी करते. शेवटी आणखी एक मंडल स्वराचा जोर केव्हा वाढावा आणि केव्हा ओसरावा हे ठरवते. सतारीची तार छेडताच स्वर एकदम उठतो आणि हळूहळू विरतो, बासरीचा स्वर मात्र फुंकर असेपर्यंत टिकतो; हा फरक या शेवटच्या मंडलाचा. आंदोलक, गाळणी आणि जोराचा चढउतार या तीन गोष्टी सांभाळल्या की स्वराची जाती आपल्या हाती येते.

इसाओ तोमिता यांनी हा सिंथेसायझर जपानमध्ये मागवला. सीमाशुल्क अधिकाऱ्यांना तारा, बटणे आणि खाचा यांनी भरलेली ती कपाटे पाहून हे वाद्य आहे हेच पटेना, असे तोमिता पुढे सांगत. आणि त्या अधिकाऱ्यांना तरी दोष कसा द्यावा? वादक फुंकणार कोठे आणि छेडणार काय? तोमितांनी फ्रेंच संगीतकार देब्यूसी यांच्या पियानोरचना घेऊन एकेक स्वर वेगळा घडवला, एकेक ओळ फितीवर मुद्रित केली आणि थरावर थर चढवत १९७४ साली 'स्नोफ्लेक्स आर डान्सिंग' ही ध्वनिमुद्रिका पूर्ण केली. ती जगभर ऐकली गेली. एका माणसाने खोलीत बसून अख्खा वाद्यवृंद उभा केला होता.

बोटांऐवजी आकडे

तोमितांच्या हाताखाली हिदेकी मात्सुताके नावाचा तरुण काम शिकला. १९७७ साली रोलंड या जपानी कंपनीने एमसी-८ नावाचे यंत्र काढले. त्याला पियानोसारख्या पट्ट्या नव्हत्या. हिशेबाच्या यंत्रासारखी आकड्यांची बटणे होती. आत मायक्रोप्रोसेसर होता आणि स्मृती होती अवघी १६ किलोबाइट. आजच्या मोबाइलमधील एका साध्या छायाचित्राला याच्या शेकडो पट जागा लागते! प्रत्येक स्वरासाठी प्रामुख्याने तीन आकडे द्यावे लागत: स्वर कोणता, पुढचा स्वर किती वेळाने येणार आणि हा स्वर किती वेळ धरून ठेवायचा.

समजा, एका मात्रेचे आपण ४८ भाग केले. अंतर ४८ आणि धरणे ४८ असे आकडे दिले तर स्वर एकमेकांना जोडून येतील. धरणे १२ केले तर तेच स्वर टपटप तुटक पडतील. पेटीवाल्याची बोटे जे नकळत करतात, ते येथे आकड्यांत सांगावे लागते. म्हणजे आधी ते स्वतःला नीट कळावे लागते. या यंत्राने माणसाचे कष्ट वाचवले नाहीत. एका गाण्याचे आकडे भरण्यात तासन्‌तास जात.

१९७८ साली हारुओमी होसोनो, युकिहिरो ताकाहाशी आणि रयुइची साकामोतो या तिघांनी 'यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा' हा वाद्यवृंद स्थापन केला. मात्सुताके त्यांचे यंत्र सांभाळत. ताकाहाशी ड्रम वाजवत, पण कानाला लावलेल्या श्रवणयंत्रात एमसी-८ ची टिकटिक ऐकून! यंत्र माणसाच्या मागे जाऊ शकत नव्हते, म्हणून माणूस यंत्राच्या ठेक्यात राहिला. १९७९ सालची त्यांची 'सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर' जपानमध्ये प्रचंड गाजली. तिच्या नावातील 'सॉलिड स्टेट' म्हणजे आपली घनावस्था, अर्थात ट्रान्झिस्टरचे युग.

होसोनो यांच्या एका अप्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेचा भारताशी थेट संबंध आहे. चित्रकार तादानोरी योकोओ यांच्याबरोबर ते भारतात आले होते. त्या प्रवासावरून त्यांनी १९७८ मध्ये 'कोचीन मून' ही मुद्रिका केली. तिच्यात हॉटेल मलबार नावाच्या काल्पनिक वास्तूचे मजले सिंथेसायझरच्या आवाजांनी उभे केलेले आहेत.

नक्कल फसली, पण...

रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी तरुणपणी घड्याळे दुरुस्त केली, मग रेडिओ. १९७२ साली त्यांनी रोलंड कंपनी सुरू केली. १९८० मध्ये या कंपनीने टीआर-८०८ नावाचे तालयंत्र आणले. साथीला ड्रमवाला नसेल तेव्हा गायकाने हे यंत्र लावावे, असा हेतू होता. त्याच वर्षी अमेरिकेत खऱ्या ड्रमचे आवाज अंकांच्या रूपात साठवणारे यंत्र निघाले होते, पण त्याची किंमत सुमारे ५००० डॉलर होती. रोलंडने आवाज साठवले नाहीत. मंडलांतून निर्माण केले. त्यामुळे ८०८ ची किंमत बाराशे डॉलरच्या आसपास ठेवता आली.

मोठ्या ड्रमचा आवाज त्यात कसा निघतो पाहा. झोक्याला एकच धक्का देऊन सोडला तर तो आपल्या ठराविक गतीने हेलकावत राहतो आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होतो. याला अवमंदित आंदोलन म्हणतात. ८०८ मधील एका मंडलाला विद्युत्‌दाबाचा क्षणिक धक्का दिला की ते सेकंदाला सुमारे ५० वेळा असेच हेलकावते आणि शांत होते. झांजेसाठी तर गंमतच आहे. झांजेच्या कंपनसंख्या एकमेकींच्या साध्या पटीत नसतात. म्हणून यंत्रात परस्परांशी न जुळणारे सहा चौकोनी तरंग एकत्र करून गाळणीतून काढले. खरखरीसाठी कारखान्याने सदोष म्हणून बाजूला काढलेले ट्रान्झिस्टर वापरले, असे काकेहाशी यांनी पुढे सांगितले.

हे सारे ऐकून खऱ्या ड्रमचा भास झाला काय? मुळीच नाही. नक्कल म्हणून यंत्र फसले. १९८३ मध्ये उत्पादन थांबले, कारण ट्रान्झिस्टर बनवण्याची पद्धत सुधारली आणि तसे सदोष नग मिळेनासे झाले! एकंदर सुमारे १२००० यंत्रे बनली. पण यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने १९८१ च्या 'बीजीएम' मुद्रिकेत तो आवाज जसाच्या तसा वापरला. पुढे न्यूयॉर्कच्या तरुणांना जुनी यंत्रे स्वस्तात मिळाली आणि आज तो खोल 'धुम्‌म्' जगातील असंख्य गाण्यांत ऐकू येतो.

याच यंत्राची एक गोष्ट मुंबईत घडली. चित्रपटसंगीतात वादक असलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली ८०८, त्याच कंपनीचे टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही तीन जपानी यंत्रे घेऊन भैरव, ललित, यमन, मालकंस अशा दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. टीबी-३०३ हे बास गिटारची नक्कल करण्यासाठी बनवलेले होते आणि तीही फसलेलीच होती. पण त्याला एक सोय होती. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना त्याचा दाब एकदम उडी न मारता कंडेन्सर भरावा तसा हळूहळू बदले. आपल्या संगीतात याला मींड म्हणतात! चरणजित सिंग यांची मुद्रिका तेव्हा फारशी खपली नाही. पुढे ती एका डच संग्राहकाच्या हाती लागली आणि २०१० साली पुन्हा निघाली. तेव्हा परदेशी श्रोते चकित झाले, कारण त्यांच्याकडे अशा तऱ्हेचे संगीत काही वर्षांनी उदयाला आले होते.

हळू आवाजाचे संगीत

जपानमध्ये याच सुमारास काहींनी अगदी वेगळी वाट धरली. त्यांनी 'कांक्यो ओंगाकु' म्हणजे परिसर-संगीत रचले. हिरोशी योशिमुरा यांची 'म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्‌स' (१९८२) ही टोकियोतील हारा संग्रहालयात वाजवण्याच्या कल्पनेने केलेली होती. हे संग्रहालय २०२१ मध्ये बंद झाले. विजेच्या पियानोचे चारदोन स्वर येतात, थांबतात आणि किंचित बदलून पुन्हा येतात. खिडकीबाहेरचा पाऊस त्यात मिसळला तरी बिघडत नाही. होसोनो यांनी मुजी नावाच्या दुकानांसाठी असेच संगीत केले. मिदोरी ताकादा यांनी १९८३ मध्ये 'थ्रू द लुकिंग ग्लास' ही मुद्रिका केली. मारिंबा, घंटा आणि बाटल्यांसुद्धा सर्व वाद्ये त्यांनी एकट्यांनी वाजवली आणि थर रचत दोन दिवसांत मुद्रण संपवले. शहरातील गोंगाटावर मोठ्या आवाजाने मात करण्यापेक्षा कानालाच शांत ऐकायला लावावे, असा या मंडळींचा कल होता.

हरवले कसे, सापडले कसे?

अशा तबकड्या थोड्या निघत, जपानबाहेर क्वचित जात आणि वेष्टनावरील मजकूर जपानीत असे. प्रती संपल्या की कंपन्या नव्या काढीत नसत. मूळ फितींचेही आयुष्य मर्यादित असते. त्या काळातील अनेक फितींवरील चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ हवेतील ओलावा शोषतो आणि फीत यंत्राला चिकटू लागते. अशा फिती सुमारे ५० अंश सेल्सिअसला काही तास तापवून कोरड्या कराव्या लागतात. मग एकदा वाजवून त्यांची प्रत घेता येते. उशीर झाला तर मूळ मुद्रण कायमचे जाते. म्हणून कोणीतरी 'ही तबकडी मोलाची आहे' असे वेळेवर म्हणणे महत्त्वाचे ठरते.

तसे म्हणणारे होते जुन्या तबकड्यांच्या दुकानांत धुंडाळणारे श्रोते. त्यांनी आपापल्या तबकड्या इंटरनेटवर ऐकवल्या. यूट्यूबवरील आपोआप येणाऱ्या शिफारशींमुळे ताकादा यांची मुद्रिका असंख्य लोकांपर्यंत गेली आणि २०१७ साली ती पुन्हा निघाली. त्याच वर्षी योशिमुरा यांची 'नाइन पोस्ट कार्ड्‌स'ही निघाली, पण ते पाहायला ते स्वतः नव्हते. २००३ मध्येच त्यांचे निधन झाले होते. 'कांक्यो ओंगाकु' याच नावाचा एक संग्रह २०१९ मध्ये निघाला आणि ग्रॅमी पारितोषिकासाठी त्याचे नामांकन झाले.

तुम्हीही हा शोध घेऊ शकता. एखादी रचना आवडली की वादक, आज्ञावली लिहिणारा, यंत्र आणि साल ही चार नावे वहीत टिपा. त्यांतले एक नाव धरून पुढे जा. तोमितांवरून मात्सुताके, मात्सुताकेंवरून होसोनो, होसोनोंवरून 'कोचीन मून' अशी साखळी आपोआप जुळत जाते.

करून पाहा

संगणकावर ऑडॅसिटी ही मोफत प्रणाली घ्या. आवाज लहान ठेवा. करवतदाती तरंग निवडून ४४० आणि ५२८ हर्ट्झचे स्वर एकत्र वाजवा. हे गुणोत्तर ५:६ आहे. पहिल्याचा सहावा आणि दुसऱ्याचा पाचवा उपस्वर दोन्ही २६४० हर्ट्झचे येतात, म्हणून स्वर जुळतात. आता ५२८ ऐवजी ५२० घ्या. गुणोत्तर झाले ११:१३. दुसऱ्याचा पाचवा उपस्वर आता २६०० होतो आणि २६४० शी त्याचे सेकंदाला ४० ठोके पडतात. कानाला जाणवणारी कुरकुर बरीचशी असल्या ठोक्यांची आहे. शेवटी तेच ४४० आणि ५२० साइन तरंगात वाजवा. उपस्वरच नसल्याने कुरकुर पुष्कळ कमी होते.

१९५५ साली शुद्ध स्वर हाती आल्यावर मायुझुमींना अशीच वाट मोकळी झाली होती. तिन्ही जोड्या घरातल्या मंडळींना ऐकवा आणि कोणाला कोणती आवडली ते लिहून ठेवा. कंपनसंख्या तुम्हाला आधीच ठाऊक आहेत. उत्तरे मात्र विचारल्याशिवाय कळणार नाहीत.